आपला ओढा, पहिलं वर्ष

नदीसाठी काहीतरी करायचं म्हणून बाहेर पडलेली मंडळी पहिल्या रविवारी हातमोजे घालून प्लॅस्टिक उचलतात. दुसऱ्या रविवारी निम्मी येतात. चौथ्या रविवारी येतो तो फक्त ज्यानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला तो. प्लॅस्टिक उचलाच, त्याबद्दल वाद नाही. पण ओढ्यात पाणी कुठून येतं, कोणत्या महिन्यात आटतं, त्यात कोण राहतं हे ठाऊक नसताना त्याच्यावर उपाय सुरू करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना मी एकच सांगतो: पहिलं वर्ष एकाच जागी जा, बघा, मोजा आणि लिहून ठेवा. कसं, ते खाली महिन्यांच्या क्रमानं दिलं आहे. सुरुवात दसऱ्यानंतर करा. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि उतरायला वाट मिळते.

जागा ठरवा

सगळी नदी घेऊ नका. शंभर मीटरचा तुकडा पुरे. घरापासून वीस मिनिटांत पोचता यावं, नाहीतर मार्चच्या उन्हात कोणी जात नाही. त्या तुकड्यात एक खळाळ असावा, जिथे पाणी दगडांवरून उथळ धावतं, आणि एक डोह असावा. दोन्हीकडची वस्ती वेगळी असते, म्हणून दोन्ही हवेत. काठची जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या आणि मालकाला आधी भेटा. एकदा चहा झाला की पुढे वर्षभर तोच तुम्हाला फोन करून सांगतो, 'आज पाण्याला फेस आलाय.'

कोकणात हाच पऱ्या किंवा वहाळ असेल, घाटावर ओढा, शहरात ज्याला लोक नाला म्हणून नाक मुरडतात तो. शहरातल्यांनी खचून जाऊ नये. पुण्याची राम नदी खाटपेवाडीकडून निघते, भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. एका सकाळी तिचा वरचा भाग आणि दुपारी शहरातला भाग पाहिला की जे कळतं, ते कुठल्या व्याख्यानात कळत नाही.

पाणलोट काढा आणि पायी फिरा

कौलारू घराचं आढं आठवा. आढ्याच्या या अंगाला पडलेलं पाणी आपल्या अंगणात, त्या अंगाला पडलेलं परसात. डोंगराची धार म्हणजे हेच आढं. तुमच्या जागेच्या वर जेवढ्या उतारावरचं पाणी तिथे येऊन मिळतं, तेवढं तुमचं पाणलोट क्षेत्र.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. आपल्या जागेवर टिंब करा आणि तिथून दोन्ही बाजूंना धारेधारेनं पेन्सिल चालवत वर जा. दोन रेषा माथ्यावर भेटल्या की पाणलोट बंद झाला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं अख्खं राज्य १,५३१ पाणलोट क्षेत्रांत वाटलं आहे. तुमचं गाव कोणत्या क्रमांकात येतं ते जिल्हा कार्यालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे सरकारी कागद वाचताना उपयोगी पडतं.

मग फिरायचं. गावात याला शिवारफेरी म्हणतात आणि ती माथ्यावरून पायथ्याकडे करायची, कारण पाणी तसंच येतं. बघायचं काय? माती कुठे उघडी आहे, गुरांची वाट कुठे घळ झाली आहे, कोणत्या बांधावरून पाणी फुटलं, झरा कोणत्या थरातून पाझरतो. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टच्या थरांवर थर रचून झाला आहे. विहीर खणणाऱ्याला विचारा. 'मांजऱ्या' म्हणजे सच्छिद्र, मऊसर खडक. यात पाणी साठतं. त्याखाली घट्ट काळा पाषाण लागला की पाणी अडतं आणि जिथे हा सांधा डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे झरा लागतो. हिवाळ्यात ओढा वाहतो तो या झऱ्यांच्या जिवावर. पाऊस तर कधीच थांबलेला असतो. नारळ हातात घेऊन पाणी सांगणाऱ्या पाणाड्यालाही हा सांधा बऱ्याचदा माहीत असतो. श्रेय नारळाला जातं इतकंच.

नावं विचारा

हे काम नवे लोक टाळतात आणि मग पस्तावतात. गावातल्या जुन्या माणसांना, मासे धरणाऱ्यांना, धुण्याला जाणाऱ्या बायकांना विचारा: डोहांची नावं काय, पूर्वी पाणी कोणत्या सणापर्यंत टिकायचं, कोणते मासे मिळायचे, कोणते आता दिसत नाहीत. साल कुणाला आठवत नाही, पण '७२ च्या दुष्काळात हा डोह आटला नव्हता' हे आठवतं. हीच तुमची सर्वांत जुनी नोंद.

या नावांना कमी समजू नका. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा त्यानं नव्या जातींना इथल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. आपल्या महसीर माशाच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' त्यातलंच, आणि दगडाला पोटानं चिकटून राहणाऱ्या छोट्या माशाच्या नावातलं 'मुल्या'ही. मुळा-मुठेच्या काठी मासे धरणारे कोण होते त्यांची नावं कुठे उरली नाहीत, त्यांचे शब्द मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत.

देवाचा डोह आहे का तेही विचारा. महाडजवळ वाळण कोंडीत किंवा वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या डोहात कोणी मासा धरत नाही. तिथले महसीर कोणताही कायदा येण्याआधी वाचले, ते देवाच्या या धाकामुळे. तुमच्या ओढ्यावर असा एखादा अर्धवट विसरलेला नेम असेल, तर पुढच्या कामाला त्याचा पाया तयार आहे.

वही

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलचं ॲप चालेल, पण वही पाण्यात पडली तरी वाळते. प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला, पाण्याचा रंग, वास, तापमान आणि कोण कोण होतं. फोटो दर वेळी त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला. महिन्यातून एकदा जा, पण चुकवू नका, आणि वेळही तीच ठेवा. वेळेचं कारण असं, की शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं. एकाच डोहात पहाटेचा आकडा आणि दुपारचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एका महिन्यात सकाळी सातला आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी तीनला मोजलंत, तर तुम्ही ओढा मोजला नाहीत, घड्याळ मोजलंत.

किती पाणी वाहतं

दहा मीटर सरळ पट्टा मोजून दोन्ही टोकांना दोरी बांधा. वरच्या दोरीच्या थोडं अलीकडे संत्रं सोडा. संत्रं चांगलं, कारण ते बहुतेक पाण्याखाली राहून तरंगतं आणि वाऱ्यानं भरकटत नाही. शिवाय शेवटी खाता येतं, मुलांना हा भाग विशेष आवडतो. दोन दोऱ्यांमधला वेळ मोजा, पाच वेळा करा, सरासरी घ्या. मग रुंदी मोजा आणि काठीनं चार-पाच ठिकाणी खोली.

समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, आणि संत्र्याला २५ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. २ × ०.१५ × ०.४ म्हणजे ०.१२ घनमीटर. पण पृष्ठभागावरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून याला ०.८ नं गुणायचं. उत्तर सेकंदाला सुमारे ९६ लिटर. दिवसाचं सुमारे ८३ लाख लिटर! हा आकडा ऐकून ग्रामपंचायत सदस्य पहिल्यांदा मान वर करून बघतात. डिसेंबरात तो निम्मा झाला, फेब्रुवारीत दहावा हिस्सा राहिला, हे वहीत दिसलं की ओढा कशावर जगतो ते समजायला लागतं. अगदी बारीक धार राहिली की दगडांनी ती एका पन्हळीत आणा आणि खाली बादली धरून किती सेकंदांत भरते ते बघा.

दगड उलटा

आता मुख्य काम, आणि खरं सांगायचं तर हेच सगळ्यांत मजेचं. पाण्याचा नमुना बाटलीत भरला तर त्या क्षणाचं पाणी कळतं. कारखान्याचं पाणी रात्री दोनला सुटून पहाटेपर्यंत वाहून गेलं असेल, तर तुमची सकाळी आठची बाटली स्वच्छ निघते. पण दगडाखालची अळी तिथेच महिनोन्महिने राहत असते. जे काही वाहून गेलं ते तिच्या अंगावरून गेलेलं असतं. ती आहे का नाही, हाच जबाब.

साहित्य: मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना शिवून केलेली जाळी, चहाची गाळणी, पांढरा ट्रे, बर्फाचा ट्रे, रंगकामाचा मऊ ब्रश. खळाळात जाळी खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला दुसऱ्यानं पायानं तळ ढवळायचा आणि दगड हातानं चोळायचे, तीन मिनिटं, घड्याळ लावून. जाळीत आलेलं ट्रेमध्ये ओता, वर थोडं पाणी घाला आणि दोन मिनिटं शांत बसा. सुरुवातीला नुसता पालापाचोळा दिसतो. मग एक काडी चालायला लागते.

पहिल्या वर्षी तीन गट ओळखता आले तरी पुष्कळ. पहिल्या गटातले नाजूक, यांना भरपूर प्राणवायू लागतो. स्टोनफ्लायची अळी: दोन शेपट्या, चपटी, दगडावर सरपटणारी. मेफ्लायची अळी: बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे पिसांसारखे कल्ले. कॅडिसफ्लायची अळी: वाळूच्या कणांचं किंवा काड्यांचं घर करून राहणारी. दुसऱ्या गटातले मधले: चतुर आणि टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) यांच्या अळ्या, खेकडे, झिंगे. तिसऱ्या गटातले चिवट: रक्तासारख्या लाल डासमाशीच्या अळ्या, जळवा, गाळातले बारीक लाल किडे आणि शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारी पांढुरकी अळी. लाल अळ्यांचा रंग खरोखरच हिमोग्लोबिनचा असतो. प्राणवायू नसलेल्या गाळात तो त्यांना तगवून धरतो.

बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात एकेक प्रकार ठेवून मोजा. मोजून झालं की सगळे परत पाण्यात, जिथून घेतले तिथेच. वरच्या गावात तिन्ही गट आणि खालच्या गावात फक्त तिसरा, असं निघालं तर मधे काय आहे ते शोधायला निघा. एक मात्र ध्यानात ठेवा: लाल अळ्या सापडल्या म्हणजे ओढा मेला असं होत नाही, त्या चांगल्या पाण्यातही थोड्या असतातच. फक्त त्याच उरल्या असतील तर काळजी. याच कल्पनेची गुण देऊन केलेली पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात तयार झाली, आणि आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ती इथल्या नद्यांसाठी जुळवून घेतली आहे. कुळं ओळखायला जमली की तिच्याकडे वळा, घाई नको.

शाळेसाठी पानांची पिशवी

शाळा जवळ असेल तर नोव्हेंबरात हा प्रयोग करा. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत उंबर, करंज किंवा जांभळाची वाळलेली पानं दहा ग्रॅम मोजून भरा. चार पिशव्या दगडाला बांधून खळाळात ठेवा, तीन आठवड्यांनी हळूच उचला. पानांच्या फक्त शिरा उरलेल्या असतात आणि आत खाणारे बसलेले असतात. पानं पुन्हा वाळवून तोला. किती खाल्ली ते निघतं. झाडांची सावली असलेल्या माथ्याजवळच्या ओढ्यात पाण्यातलं जगणं बरंचसं काठावरून पडणाऱ्या पानांवर चालतं, हे फळ्यावर सांगून सातवीच्या मुलांना पटत नाही. पिशवी उघडली की पटतं. गुरुजींनी ट्रे टेबलावर ठेवून मुलांना रांगेनं बघायला लावू नये. मुलांच्या हातात ब्रश द्यावा.

रसायनांचं थोडक्यात

तापमापी आणि पीएचच्या पट्ट्या पुरेत. बेसॉल्टमधलं पाणी सहसा थोडं अल्कधर्मी असतं, त्यामुळे आठच्या आसपास आकडा आला तर घाबरायचं कारण नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. काठची सावली तोडली की मासे का मरतात याचं अर्धं उत्तर इथे आहे.

टीडीएसचं पेन हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतं. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. पाण्यात जंतू आहेत का, कीटकनाशक आहे का, हे त्याला कळत नाही. 'टीडीएस शंभर आला, प्यायला हरकत नाही' असं म्हणणाऱ्यापासून पाण्याचा तांब्या दूर ठेवा. त्याचा खरा उपयोग तुलनेला: वरच्या पुलाखाली १८० आणि खालच्या पुलाखाली ४२० आला, तर मधे काहीतरी येऊन मिळतंय. विष्ठेचं दूषण तपासायला हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली मिळते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवा, काळं पडलं तर संशय पक्का. हा संच ग्रामपंचायतीत असू शकतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना असे संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे, तेव्हा नवा विकत घेण्याआधी त्यांना गाठा.

पाइप सापडला तर

सापडतोच. पहिल्या दिवशी भांडायला जाऊ नका. तारीख, वेळ, वास, रंग, फोटो, नकाशावरची जागा, असं पाच-सहा वेळा नोंदवा. पाइपच्या वरचे आणि खालचे किडेही. मग ग्रामपंचायत किंवा महापालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्ज, पोच घेऊन. तुम्ही भरलेली बाटली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, नमुना घेण्याची रीत १९७४ च्या जल कायद्यात ठरवून दिली आहे. पण मंडळाच्या माणसानं कोणत्या वारी, किती वाजता यावं हे तुमची वही सांगू शकते. त्याच कायद्यानुसार नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः तक्रार दाखल करता येते. आमच्या गटाला तिथवर जावं लागलं नाही. तिसऱ्या अर्जानंतर एका सोसायटीनं आपला मैलापाण्याचा नळ मुकाट्यानं फिरवून घेतला.

हे करू नका

जेसीबी बोलावून ओढा सरळ आणि खोल करू नका. फोटो झकास येतो, पण खळाळ, डोह, दगड, काठची मुळं सगळं एका दुपारी जातं, आणि घट्ट पाषाणापर्यंत खणलंत तर वरच्या थरातलं पाणी झिरपून लवकर निघून जातं. काम माथ्यापासून सुरू होतं: उतारावर समतल चर, घळीत अनगड दगडांचे बांध, शेतात बांधबंदिस्ती. ओढ्यातला बंधारा शेवटी.

डासांसाठी गप्पी मासे वाहत्या ओढ्यात सोडू नका. टाक्यात, हौदात ठीक. चतुरांच्या अळ्या आणि इथले छोटे मासे डासांच्या अळ्या खातातच. काठावर गुलमोहर नको. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज लावा, आणि पाण्यातच मुळं रोवून पुराला वाकणारी शेरणी असेल तर तिला हात लावू नका. गाळ धरून ठेवायला तिच्याइतकं कोणी नाही.

उन्हाळा: विहिरी आणि हिशेब

ओढा आटला की काम थांबत नाही, विहिरींवर जातं. काठावरच्या चार विहिरी निवडा आणि खुणेच्या दोरीनं काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सरकारी निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील.

मग हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. पाचशे हेक्टरच्या पाणलोटावर ७०० मिलिमीटर पडला तर ३५० कोटी लिटर. यातलं किती उडालं, किती वाहून गेलं, किती मुरलं याचा अंदाज बांधायचा, आणि मुरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव हे दर वर्षी करतं, आणि तिथे शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असा गावाचा नियम आहे. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर; भूमिहीनालाही वाटा; ऊस नाही. बंधारे पुष्कळ गावांनी बांधले. हा वाटपाचा भाग अवघड होता आणि आजही तिथेच गाडी अडते. नव्या माणसानं यात पहिल्याच वर्षी तोंड घालू नये, वही घेऊन मागच्या रांगेत बसावं.

जून

पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. गुडघाभर गढूळ पाणीही माणसाला पाडतं, आणि वर डोंगरात झालेला पाऊस खाली ऊन असतानाही येऊन पोचतो. शहरातल्या पाण्यात तर जखम घेऊन पाय घालूच नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते. पुलावरूनच काम करा: परवानगी घेऊन खांबावर ऑइलपेंटनं दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा करा आणि पाण्याची उंची टिपा. घरी उभ्या भिंतीचा डबा अंगणात ठेवून पट्टीनं पाऊस मोजा.

आणि दोरीला बादली बांधून पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी वर काढा, एक लिटरच्या बाटलीत भरा, तारीख लिहून खिडकीत ठेवा. पुढच्या प्रत्येक पुराची एक बाटली. दोन दिवसांत गाळ खाली बसतो. पट्टी लावून त्याची जाडी मोजा. पहिल्या बाटलीत तो सहसा सगळ्यांत जाड असतो, कारण शेतं तेव्हा उघडी असतात. ऑगस्टच्या ग्रामसभेला या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ओळीनं मांडा. कोणीतरी पहिली बाटली उचलून उजेडात धरतंच, आणि ही माती कुणाच्या वावरातली यावरून तिथेच वाद सुरू होतो.